विश्लेषण : लकव्यावरच्या उपचाराचा निकाल एका रुग्णालयात का लागत नाही?

वर्धा जिल्ह्यात एखाद्याला ‘लकवा मारला’ की घरात धावपळ सुरू होते आणि तिच्याबरोबर सल्ल्यांचा पाऊसही. कुणी पिढीजात औषध देणाऱ्याचे गाव सांगतो, कुणी नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव घेतो, कुणी मोबाइलवर आलेला व्हिडीओ पुढे करतो. यांपैकी कशाने खरोखर फरक पडतो, हे ठरवण्याचा वैद्यकशास्त्राकडे एकच भरवशाचा मार्ग आहे. तो म्हणजे क्लिनिकल ट्रायल, रुग्णांच्या सहभागाने केलेली रीतसर चाचणी. पक्षाघाताच्या बाबतीत अडचण अशी, की कितीही मोठे असले तरी एकटे रुग्णालय ही चाचणी पुरी करू शकत नाही. त्यासाठी रुग्णालयांचे जाळे लागते. भारतात असे जाळे उभे राहिले आहे. ते कसे चालते, त्यातून आतापर्यंत काय हाती आले आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यातल्या रुग्णाचा त्याच्याशी काय संबंध, याविषयी...

एक रुग्णालय का पुरत नाही?

पक्षाघात दोन प्रकारचा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा ती फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. पहिला प्रकार जास्त आढळतो. दोन्हींत हातपाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे ही लक्षणे सारखीच दिसतात. काही रुग्ण आपोआप बरेच सुधारतात, काही कायमचे अंथरुणाला खिळतात. हाच सगळा घोटाळा आहे. कारण सुधारलेल्या रुग्णाला जे काही दिले होते, त्याला श्रेय मिळते. मग तो काढा असो, मालीश असो वा महागडे इंजेक्शन.

उपचाराचा खरा परिणाम अनेकदा लहान असतो. ॲस्पिरिनचेच पाहा. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात ही स्वस्त गोळी लवकर द्यावी, हे आज कोणताही डॉक्टर सांगेल. पण हे ठरले १९९७ मध्ये, दोन प्रचंड चाचण्यांनंतर. त्यांपैकी ‘इंटरनॅशनल स्ट्रोक ट्रायल’मध्ये ३६ देशांतल्या ४६७ रुग्णालयांतील १९,४३५ रुग्ण होते, चीनमधल्या दुसऱ्या चाचणीत २१ हजारांहून अधिक. दोन्हींतून निघालेला फायदा किती? हजार रुग्णांना लवकर ॲस्पिरिन दिल्यास साधारण दहा जणांचा मृत्यू किंवा पुन्हा येणारा झटका टळतो. हजारात दहा हा फरक एका वॉर्डात उभे राहून कुणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही, वॉर्ड कितीही अनुभवी प्राध्यापकाचा असो. पण जगभरातल्या लाखो रुग्णांच्या हिशेबात तो हजारो जिवांचा फरक ठरतो.

उलटही घडते. समजा, एखाद्या रुग्णालयाने नव्या औषधाच्या गटात शंभर आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात शंभर रुग्ण घेतले. दोन्ही गटांत वर्षभरात पाच-पाच जणांना त्रास होणे अपेक्षित असेल, तर निव्वळ योगायोगाने एका गटात दोन आणि दुसऱ्यात आठ असेही होऊ शकते. मग ‘औषधाने धोका पाऊणपट कमी झाला’ अशी बातमी होते. ती खोटी नसते; फक्त तिला अर्थ नसतो.

सेवाग्रामचा धडा

दुसऱ्या गावचे उत्तर आपल्या गावाला लागू पडते का, हा पुढचा प्रश्न. त्याचे एक चांगले उदाहरण वर्धा जिल्ह्यातच आहे.

रक्तस्राव की गुठळी, हे ओळखायला सीटी स्कॅन लागतो. ज्या काळात स्कॅन दुर्मीळ होते, त्या काळात डॉक्टरांनी लक्षणांवरून गुण देण्याच्या पद्धती काढल्या. रुग्ण शुद्धीवर आहे का, उलटी झाली का, डोके दुखत होते का, रक्तदाब किती, अशा प्रश्नांना गुण द्यायचे आणि बेरजेवरून प्रकार ठरवायचा. बँकॉकच्या सिरिराज रुग्णालयाची आणि लंडनच्या गाइज रुग्णालयाची अशा दोन पद्धती प्रसिद्ध होत्या. स्कॅन नसलेल्या ग्रामीण भारतासाठी त्या वरदानच वाटाव्यात अशा होत्या.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी त्या कस्तुरबा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांवर तपासून पाहिल्या. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेली ही संस्था देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. गुणांवरून काढलेला निष्कर्ष आणि सीटी स्कॅनमध्ये दिसलेले वास्तव यांची तुलना झाली. २००३ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त आलेला निकाल सरळ होता : दोन्ही पद्धतींची अचूकता कमी, त्यांच्यावर विसंबता येणार नाही. म्हणजे बेरजेवर भरवसा ठेवून एखाद्याला ॲस्पिरिन दिले असते आणि प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत असता, तर इलाजानेच घात केला असता.

हा अभ्यास उपचाराची चाचणी नव्हता. निदानाच्या पद्धतीची पारख होती. पण मुद्दा तोच. बँकॉक आणि लंडनमध्ये तयार झालेले साधन सेवाग्रामला चालेलच असे नाही, आणि चालते की नाही हे सेवाग्रामच्या रुग्णांवर पाहिल्याशिवाय कळत नाही.

भारतातले जाळे कोणते?

‘इंडियन स्ट्रोक क्लिनिकल ट्रायल नेटवर्क’ असे त्याचे नाव. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘इन्स्ट्रक्ट’ म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या म्हणजे आयसीएमआरच्या निधीवर ते उभे राहिले. समन्वयाचे केंद्र लुधियानाचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. पक्षाघाताच्या संशोधनातले सुपरिचित नाव असलेले डॉ. जयराज दुराई पांडियन तिथलेच.

या जाळ्याची गाजलेली चाचणी म्हणजे ‘स्प्रिंट इंडिया’. एप्रिल २०१८ ते नोव्हेंबर २०२१ या काळात ३१ केंद्रांतून ४,२९८ रुग्ण तिच्यात आले. प्रश्न साधा होता. पहिला पक्षाघात होऊन गेलेल्या माणसाला दुसरा झटका येऊ नये म्हणून मोबाइलवर नियमित संदेश आणि छोटे व्हिडीओ पाठवले, सोबत एक कार्यपुस्तिका दिली, तर उपयोग होईल का? गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी करा, तंबाखू-दारू सोडा, चाला. साहित्य १२ भाषांत तयार केले होते. अर्ध्या रुग्णांना हे सगळे मिळाले, उरलेल्यांना नेहमीची काळजी.

आकड्यांची थोडी फोड केली तर जाळे का लागते ते लगेच पटते. ४,२९८ रुग्ण ३१ केंद्रांत वाटले तर एका केंद्राच्या वाट्याला सरासरी १३९ येतात, तेही साडेतीन वर्षांत. पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू अशा घटना दोन्ही गटांत मिळून २२५ झाल्या. म्हणजे केंद्रामागे जेमतेम सात. सात घटना दोन गटांत चार-तीन पडल्या काय किंवा पाच-दोन पडल्या काय, त्यावरून कोण काय सांगणार?

सुरुवातीलाच महिने का जातात?

चाचणीचा आराखडा एकच असला तरी परवानगी प्रत्येक ठिकाणी लागते. प्रत्येक रुग्णालयाची नैतिकता समिती, जिला सगळे एथिक्स कमिटीच म्हणतात, कागदपत्रे स्वतंत्रपणे पाहते. तिच्यात डॉक्टर असतात, तसेच कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा अभ्यासक आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य नागरिकही असतो. एकाच संमतीपत्रावर एक समिती म्हणते भाषा अवघड आहे, दुसरी म्हणते नुकसानभरपाईचे कलम अपुरे आहे, तिसरीची बैठकच दोन महिन्यांनी असते. ३१ ठिकाणी हे चालले की लुधियानात बसलेल्या समन्वयकाचे पहिले वर्ष बहुतांशी पत्रव्यवहारातच जाते. सर्वांसाठी मिळून एकच परीक्षण करावे, अशी सोय आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. पण आपल्या रुग्णांची जबाबदारी दुसऱ्या समितीवर सोपवायला संस्था सहजासहजी तयार होत नाहीत, आणि त्यांचे अगदीच चुकते असेही नाही.

नव्या औषधांच्या चाचण्यांना २०१९ चे केंद्रीय नियम लागू आहेत. त्यांत लहान रुग्णालयांच्या दृष्टीने महत्त्वाची एक तरतूद आहे. ज्या रुग्णालयाची स्वतःची समिती नाही, तिथली चाचणी दुसऱ्या समितीच्या मान्यतेने होऊ शकते. मात्र ती समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आत हवी. वर्ध्याला याचा व्यावहारिक अर्थ आहे. सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) ही दोन्ही अध्यापन रुग्णालये वर्धा शहराला लागून आहेत. हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय त्यांच्या टप्प्यात येते. नागपूर मात्र वर्ध्याहून ७०-७५ किलोमीटरवर, म्हणजे नियमाबाहेर. अंतराची ही अट कारकुनी वाटते. पण काही अघटित घडले तर समितीला त्या ठिकाणी जाऊन पाहता यावे, हा तिच्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे.

याशिवाय चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत करावी लागते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांसाठी सक्तीची झाली. पहिला रुग्ण घेण्याआधीच आपण काय मोजणार आहोत ते जाहीर करायचे. नंतर निकाल मनासारखा आला नाही म्हणून मोजमाप बदलायची सोय राहत नाही.

चिठ्ठी कोण काढतो?

कोणाला नवा उपचार आणि कोणाला नेहमीचा, हे डॉक्टरने ठरवायचे नाही, हे चाचणीचे मर्म आहे. डॉक्टरच्या हाती दिले तर तो नकळत बऱ्या दिसणाऱ्या रुग्णाला नवा उपचार देईल किंवा गंभीर रुग्णावर दया म्हणून देईल. दोन्ही परींनी तुलना बिघडली. म्हणून चिठ्ठी टाकली जाते. पूर्वी ही चिठ्ठी बंद पाकिटात असायची. पाकीट दिव्यासमोर धरून आतले वाचणारे, आवडता रुग्ण येईपर्यंत पुढचे पाकीट राखून ठेवणारे महाभाग जगभर निघाले. आता चिठ्ठी केंद्रातल्या संगणकावर निघते. रुग्णाची माहिती भरली, ती पक्की झाली की मगच पडद्यावर गट दिसतो. मागे फिरता येत नाही.

झटका आल्या-आल्या करायच्या उपचारांच्या चाचणीत हे सगळे घड्याळाशी शर्यत लावून करावे लागते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तीन तासांच्या मर्यादेचा पुरावा १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दिला, साडेचार तासांचा २००८ मध्ये युरोपातल्या. मोठी रक्तवाहिनी बंद असताना मेंदूच्या सुमारे १९ लाख चेतापेशी दर मिनिटाला नष्ट होतात, असा २००६ मधला एक बहुचर्चित हिशेब आहे. आता आष्टी किंवा कारंजा (घाडगे) तालुक्यातले एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. झटका पहाटे लक्षात आला, आधी गावातल्या डॉक्टरला दाखवले, मग १०८ ला फोन, मग ग्रामीण रुग्णालय, तिथून वर्धा. स्कॅन होईपर्यंत हाती राहिला तर अर्धा-पाऊण तास. त्यात मुलगा किंवा सून एकटीच सोबत, आणि तिला सांगायचे, की एक चाचणी चालू आहे, चिठ्ठीने उपचार ठरेल, विचार करून सही करा.

रुग्ण बोलू शकत नसेल तर कायद्याने मान्य असलेला नातेवाईक संमती देतो. वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. रात्री दोन वाजता तो कुठून आणायचा, हा प्रश्न आराखड्याच्या कोणत्याच पानावर नसतो. तो सोडवावा लागतो आपत्कालीन विभागातल्या ब्रदर-सिस्टरना. ‘स्प्रिंट’सारख्या चाचण्या तुलनेने सोप्या, कारण तिथे झटक्यानंतर दोन दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत रुग्ण घेता येत होते. समजून घ्यायला, घरी विचारायला सवड होती.

खरी कसोटी घरी गेल्यावर

चाचणीचा निकाल रुग्णालयात नव्हे, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने लागतो. तेव्हा माणूस कसा आहे? त्यासाठी जगभर ‘मॉडिफाइड रँकिन’ ही मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. दोन आणि तीनमध्ये खरी रेघ आहे : दोनवाला आपली कामे आपण करतो, तीनवाल्याला कुणाची तरी मदत लागते. ऐकायला सोपे. पण ‘आपली कामे’ म्हणजे काय? ज्या घरातल्या म्हाताऱ्याने आयुष्यात चहा केला नाही, तो झटक्यानंतर चहा करत नसेल तर त्याला परावलंबी म्हणायचे का? सून पाणी तापवून देते ती गरज म्हणून की रीत म्हणून? तेजपूरच्या तपासनिसाने दोन आणि दिल्लीच्याने तीन दिले तर बेरीज निरर्थक. म्हणून सगळ्या केंद्रांतल्या लोकांना एकच प्रशिक्षण, तेच नमुना-रुग्ण, तीच परीक्षा. जाळ्याचा समन्वय म्हणजे बऱ्याच अंशी हेच : शंभर माणसांना एकाच डोळ्याने पाहायला शिकवणे.

शिवाय तपासनिसाला रुग्ण कोणत्या गटातला, हे माहीत नसावे लागते. फोन लावला की पलीकडून पहिले वाक्य येते, ‘त्या ताई घरी येऊन व्यायाम शिकवून गेल्या, तेव्हापासून बरं हाय.’ संपले. मग त्या रुग्णाचे मूल्यमापन दुसऱ्याने करायचे.

आणि फोन लागला तर. नंबर बदललेला असतो, मोबाइल नातवाकडे असतो, पेरणीच्या दिवसांत दुपारी कुणी उचलत नाही, आजीला लेकीकडे नेऊन ठेवलेले असते. अनुभवी समन्वयक भरती करतानाच दोन-तीन नंबर घेतात, शेजाऱ्याचा घेतात, आशाताईचे नाव लिहून ठेवतात. ‘स्प्रिंट’मध्ये करोनाकाळ मध्ये येऊनही वर्षभरात संपर्काबाहेर गेलेले रुग्ण अवघे ४५ होते. चार हजारांवर रुग्णांच्या चाचणीत हा आकडा विलक्षण आहे. शोधनिबंधात तो एका ओळीत येतो. त्या ओळीमागे ३१ ठिकाणच्या समन्वयकांचे हजारो फोन असतात. असे काम सहसा फिजिओथेरपिस्ट, नर्स किंवा समाजसेवक कंत्राटावर करतात. निधी संपला की पदही संपते. पुढची चाचणी सुरू होते तेव्हा नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचे. जाळ्यातली सर्वांत कच्ची गाठ तीच आहे.

‘उपयोग नाही’ हा निकाल अपयश आहे का?

‘स्प्रिंट’चा निकाल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. संदेश मिळालेल्या २,१४८ जणांपैकी ११९ जणांना, म्हणजे ५.५ टक्के रुग्णांना पुन्हा झटका, हृदयविकार किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी झाले. न मिळालेल्या २,१५० पैकी १०६ जणांना, म्हणजे ४.९ टक्क्यांना. फरक नाही. मध्यंतरीच्या तपासणीत चाचणी पुढे चालवूनही फायदा दिसण्याची शक्यता नाही, असे ठरले आणि ती थांबवली गेली. संदेश मिळाल्याची पोच देणारे होते फक्त १७ टक्के. मोबाइलवर आलेला प्रत्येक आरोग्यसंदेश आपण किती वाचतो, हे ज्याने-त्याने स्वतःला विचारावे.

पण तोच निबंध पुढेही वाचायला हवा. संदेश मिळालेल्या गटात गोळ्या नियमित घेणारे ९३.६ टक्के होते, दुसऱ्या गटात ८९.८ टक्के. दारू सोडणाऱ्यांचे प्रमाण ८५ विरुद्ध ७८ टक्के, धूम्रपान सोडणाऱ्यांचे ८३ विरुद्ध ७५. सवयी थोड्या सुधारल्या. त्याचा झटक्यांवर परिणाम दिसायला एक वर्ष पुरत नसावे, असे म्हणायला जागा आहे. मात्र ‘संदेश पाठवा, झटके टाळा’ अशी सरकारी योजना कुणी आणली, तर तिला आता प्रश्न विचारता येतो.

याआधीची ‘अटेंड’ ही चाचणी तर जास्तच जिव्हाळ्याच्या प्रश्नावर होती. भारतात फिजिओथेरपिस्ट कमी, मग कुटुंबातल्याच माणसाला शिकवून घरी व्यायाम करवून घेतला तर? २०१४ ते २०१६ या काळात १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर हे पाहिले गेले. कल्पना इतकी पटणारी होती, की चाचणीशिवायच ती देशभर राबवली गेली असती. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व दोन्ही गटांत नेमके सारखे निघाले : ४७ टक्के. म्हणजे आधीच थकलेल्या सुनेवर किंवा बायकोवर ‘तू नीट व्यायाम करून घेतला नाहीस’ असा ठपका ठेवायला शास्त्राचा आधार नाही. याचा अर्थ व्यायाम किंवा फिजिओथेरपी निरुपयोगी, असा मुळीच नाही. घरच्यांना थोडक्यात शिकवून ते काम त्यांच्यावर सोपवण्याने भागत नाही, एवढाच.

तिसरे उदाहरण स्टेम सेलचे. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून देण्याची चाचणी पाच केंद्रांतल्या १२० रुग्णांवर झाली आणि २०१४ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात तिचा निकाल आला. उपचार सुरक्षित दिसला, फायदा दिसला नाही. लकव्यावर स्टेम सेलचा इलाज म्हणून कुणी लाखांचा खर्च सांगत असेल, शेत गहाण टाकायची वेळ येत असेल, तर या निकालाची किंमत त्या घराला कळेल.

मग काही उपयोगी ठरले की नाही?

ठरले. ‘इंटरॅक्ट ३’ ही चाचणी मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णांसाठी होती. भारतासह दहा देशांतली १२१ रुग्णालये, ७,०३६ रुग्ण. निकाल २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये. इथे चिठ्ठी रुग्णाची नव्हे, रुग्णालयांची टाकली होती. प्रत्येक रुग्णालय आधी नेहमीप्रमाणे काम करत राहिले आणि चिठ्ठीने ठरलेल्या क्रमानुसार टप्प्याटप्प्याने नव्या पद्धतीकडे वळले. नवी पद्धत म्हणजे कोणतेही नवे औषध नव्हते. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणायचा, साखर आटोक्यात ठेवायची, ताप ३७.५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नाही, रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल तर त्याचा परिणाम लगेच उलटवायचा. चारही गोष्टी एकत्र, ठरल्या वेळेत. सहा महिन्यांनी वाईट अवस्थेची शक्यता कमी झाली, मृत्यूही घटले.

रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, थर्मामीटर हे सगळे उपजिल्हा रुग्णालयात असते. लागते ती तासाभरात करण्याची शिस्त आणि त्याआधी एक सीटी स्कॅन. जिल्ह्याच्या पातळीवर ताबडतोब उचलावे असे काही या चाचण्यांतून आले असेल, तर ते हे.

जाळ्यातून निसटणारे

रुग्णालयांच्या जाळ्यात रुग्णालयापर्यंत पोहोचलेलेच सापडतात. विदर्भातच गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या सुमारे ९४ हजार लोकसंख्येतील मृत्यूंचा माग काढला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के पक्षाघाताने झाले होते. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण तेच. आणि यातले बहुतेक जण घरीच गेले होते. या माणसांची नोंद कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या संगणकात होणे शक्य नव्हते. ‘स्प्रिंट’मधले घटनांचे कमी प्रमाण पाहताना हेही लक्षात ठेवायला हवे : तिथले रुग्ण पहिल्या झटक्यातून वाचलेले, रुग्णालय गाठलेले आणि वर्षभर पाठपुरावा होऊ शकेल असे होते.

वर्धा जिल्हा गडचिरोलीपेक्षा सुदैवी. २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाखांच्या या जिल्ह्यात दोन मोठी अध्यापन रुग्णालये आहेत, रस्ते बरे आहेत. तरीही आर्वी-आष्टीकडचा रुग्ण आणि वर्धा शहरातला रुग्ण यांच्यात तासांचे अंतर आहे. चाचण्यांची केंद्रे फक्त महानगरांत राहिली, तर हे तास हिशेबात येणार नाहीत आणि निघालेला निकाल महानगरातल्या रुग्णापुरता राहील. सेवाग्रामच्या २००३ च्या अभ्यासाने हेच वेगळ्या प्रश्नावर दाखवले होते. छोट्या केंद्रांना जाळ्यात घ्यायचे तर तिथे पगारी समन्वयक, चोवीस तास स्कॅन आणि जवळची नैतिकता समिती एवढे तरी लागेल. रुग्णांची कमतरता कुठेच नाही.

सहभागी व्हा म्हटले तर काय विचारावे?

चाचणीत जाणे ऐच्छिक आहे. नाही म्हटले किंवा मध्येच सोडले तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. संमतीपत्र आपल्या भाषेत मिळायला हवे आणि त्याची प्रत घरी नेता यायला हवी. नेहमीच्या उपचाराच्या गटात गेलो तर काय मिळेल, हे आधी विचारावे. पक्षाघाताच्या चांगल्या चाचणीत त्या गटालाही व्यवस्थित काळजी मिळते. चाचणीमुळे इजा झाल्यास २०१९ च्या नियमांनुसार मोफत उपचाराची तरतूद आहे. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास भरपाईची. गंभीर अपाय झाला तर संशोधक डॉक्टरला तो २४ तासांत कळवावा लागतो. नैतिकता समितीचा फोन क्रमांक संमतीपत्रावर असतो. तो डॉक्टरचा नंबर नसून डॉक्टरविषयी तक्रार करायची असेल तरचा नंबर आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते.

चाचणीचा नोंदणी क्रमांकही मागून घ्यावा. ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होणारा हा क्रमांक नोंदवहीच्या संकेतस्थळावर मोबाइलवरून टाकला, की प्रश्न काय आहे, पैसा कुणाचा आहे, किती रुग्ण घ्यायचे आहेत आणि आपल्याशिवाय आणखी कोणकोणत्या रुग्णालयांत ती चालू आहे, हे सगळे विनाशुल्क दिसते.